गर्भाशयाची जन्मजात वेगळी घडण आणि गरोदरपण: रिपोर्टातलं नाव आणि पोटातली वस्तुस्थिती

रेघोटी

'बायकॉर्न्युएट युटेरस' (दोनशिंगी, म्हणजे वरून दुभंगलेली गर्भपिशवी) असं लिहिलेला रिपोर्ट हातात आला की पहिला प्रश्न विचारायचा: पिशवीची बाहेरची रेषा पाहिली आहे का? साध्या टू-डी सोनोग्राफीत आडव्या छेदात अस्तराचे दोन ठिपके दिसले की हे नाव टाइप होतं. पण दोन ठिपके वरून दुभंगलेल्या पिशवीतही दिसतात आणि बाहेरून अखंड, आतून पडदा असलेल्या पिशवीतही. आत दोन्ही सारख्या, फरक सगळा माथ्यावर. दुभंगलेल्या पिशवीला शस्त्रक्रिया सहसा लागत नाही. पडद्याच्या पिशवीत तो कापायचा की नाही यावर निदान विचार तरी करता येतो. नाव चुकलं की पुढची सगळी वाट चुकते, म्हणून हा धागा.

घडण कशी बिघडते ते थोडक्यात. स्त्रीगर्भात डावी-उजवी अशा दोन म्युलेरियन नळ्या असतात. त्या खाली सरकत मधोमध जुळतात आणि जुळल्यावर मधली भिंत विरघळते. एक नळी वाढलीच नाही तर एकशिंगी पिशवी (युनिकॉर्न्युएट), बहुधा शेजारी दुसऱ्या बाजूचं खुरटं शिंग. दोन्ही वाढल्या पण जुळल्याच नाहीत तर दोन पिशव्या, दोन तोंडं (डायडेल्फिस). वरच्या भागात जुळायच्या राहिल्या तर दोनशिंगी. जुळल्या, पण भिंत विरघळली नाही, तर पडदा (सेप्टेट). २०११च्या एका मोठ्या एकत्रित अभ्यासात सर्वसाधारण स्त्रियांत हे सगळे प्रकार मिळून ५.५ टक्के आणि आधी गर्भपात झालेल्यांत १३.३ टक्के आढळले. म्हणजे ही काही लाखात एखादीची गोष्ट नाही.

मोजायचं कसं: थ्री-डी ट्रान्सव्हजायनल (योनीतून केलेली) सोनोग्राफी, पाळीच्या चक्राच्या उत्तरार्धात, अस्तर जाड असताना. पाळी संपल्यासंपल्या अस्तर पातळ असतं, कडा दिसत नाहीत. मूत्राशय रिकामं. पिशवी उभ्या छेदात मधोमध घ्या, स्वीप (प्रोबची फिरती व्याप्ती) ९० ते १२० अंश ठेवा आणि व्हॉल्यूम (टिपलेलं थ्री-डी चित्र) फिरवून समोरचा छेद आणा; दोन्ही बीजवाहक नळ्यांची मुळं एकाच चित्रात आली पाहिजेत. ती मुळं जोडणारी रेषा काढा. तिच्यापासून आतल्या खाचेच्या टोकापर्यंतचं अंतर ही पडद्याची लांबी. मग माथ्याच्या बाहेरच्या कडेवर दोन उंचवट्यांना जोडणारी रेषा काढा आणि तिथून बाहेरची खाच किती खोल ते मोजा.

बाहेरची खाच १ सेंमीपेक्षा जास्त असेल तर दोनशिंगी. बाहेर सपाट किंवा १ सेंमीपेक्षा कमी आणि आत खोल, तर पडदा. आत किती खोल म्हणजे पडदा, यावर मात्र जगात एकमत नाही. अमेरिकी प्रजनन संस्थेने २०१६ मध्ये १.५ सेंमीपेक्षा जास्त लांबी आणि खाचेच्या टोकाशी ९० अंशांपेक्षा कमी कोन असं धरलं. २०२१च्या वर्गीकरणात लांबी १ सेंमीवर आणली. युरोपीय वर्गीकरण (२०१३) भिंतीच्या जाडीच्या निम्म्याहून जास्त खाच असेल तर पडदा म्हणतं. त्यामुळे १२ मिमी खाचेची एकच बाई एका दवाखान्यात नॉर्मल आणि दुसऱ्यात 'सेप्टेट' ठरू शकते. रिपोर्टात नुसतं नाव न लिहिता तिन्ही आकडे लिहा: आतली खाच, कोन, बाहेरची खाच. वाचणारा आपल्या हिशेबाने ठरवेल.

चिंचोका

वाचनखूण साठवली. एक शंका: वंध्यत्वाच्या तपासणीत एचएसजी (पिशवीत रंग सोडून काढलेला एक्स-रे) आधी झालेलं असतं. त्यात दोन शिंगांमधला कोन मोजून निदान करतात असं वाचलं होतं. ७५ अंशांपेक्षा कमी म्हणजे पडदा, १०५पेक्षा जास्त म्हणजे दोनशिंगी. हे कितपत चालतं?

रेघोटी

चिंचोका, एचएसजी म्हणजे साच्यात ओतलेला रंग. साचा आतून कसा आहे ते कळतं, बाहेरून नाही. कोन अगदी टोकाचा असेल तर अंदाज बांधता येतो, पण बऱ्याच पिशव्यांचे कोन नेमके ७५ ते १०५च्या मध्येच पडतात. एचएसजीचं काम नळ्या उघड्या आहेत का ते पाहण्याचं. ते पाळीच्या सहाव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान करून घ्यावं आणि पिशवीच्या घडणीसाठी त्याच महिन्याच्या उत्तरार्धात थ्री-डी करावं.

एचएसजीतला आणखी एक सापळा. फिल्मवर केळ्यासारखी वाकडी, एकाच नळीची पिशवी दिसली की 'युनिकॉर्न्युएट' लिहून मोकळे होतात. पण पडदा पार पिशवीच्या तोंडापर्यंत उतरलेला असेल किंवा तोंडंच दोन असतील, तर कॅन्युला (रंग सोडायची बारीक नळी) एकाच बाजूला गेलेली असते आणि दुसरी अर्धी पिशवी रंगाविना राहून जाते. उपाय साधा आहे. रंग सोडण्याआधी स्पेक्युलम (योनी उघडून पाहायचं साधन) नीट फिरवून दुसरं तोंड आहे का आणि योनीत उभा पडदा आहे का ते पाहायचं. योनीतला पडदा एका बाजूला दबून राहतो, घाईत दिसत नाही.

टाकादोरा

रेघोटी, सहमत. एक भर: माथ्यावर फायब्रॉइड (स्नायूची गाठ) असेल किंवा तपासणीच्या वेळी पिशवी आकसलेली असेल, तर खोटी खाच दिसते. दहा मिनिटांनी पुन्हा बघा. आकसण्यामुळे असेल तर जाते. तरीही शंका राहिली, योनीतून तपासणी शक्य नसली किंवा खुरटं शिंग नीट सापडत नसलं तर एमआरआय. फक्त निदानासाठी दुर्बीण घालण्याचे दिवस संपले.

आता माझ्या मते या विषयातला सगळ्यात धोक्याचा भाग: खुरट्या शिंगात राहिलेला गर्भ. फार विरळा, पण चुकला तर बाई जाते. म्हणून सविस्तर लिहितो.

एकशिंगी पिशवीच्या शेजारचं खुरटं शिंग बहुतेक वेळा मुख्य पोकळीला आतून जोडलेलं नसतं. मग गर्भ तिथे जातो कसा? शुक्रजंतू मुख्य शिंगाच्या नळीतून पोटात उतरतात, पोटाच्या पोकळीतून पलीकडच्या नळीत शिरतात. जायला आडवाट आहे, गर्भाला बाहेर यायला मात्र वाट नाही. शिंगाची भिंत पातळ, पण ती स्नायूचीच असते, त्यामुळे नळीतल्या गर्भासारखी सहाव्या-आठव्या आठवड्यात न फुटता ती ताणत राहते. फुटते ती बहुतेक वेळा दुसऱ्या तिमाहीत. तोवर दोन सोनोग्राफी झालेल्या असतात, रिपोर्ट 'गर्भ जिवंत, वाढ योग्य' असा असतो, आणि चौदाव्या-सोळाव्या आठवड्यात एकदम पोटात कळ, चक्कर, पांढरीफटक पडलेली बाई. अंगावरून रक्त जातच नाही किंवा थेंबभर जातं, कारण रक्त सगळं पोटात साठतं.

सोनोग्राफीत ओळखायच्या तीन खुणा आहेत, २००५ मध्ये मांडलेल्या, अजून उपयोगी. एक, पिशवी असमान दोनशिंगी असल्यासारखी दिसते. दोन, पिशवीच्या तोंडाची नळी वरवर माग काढत गेलं तर ती रिकाम्या पोकळीत जाते. गर्भाच्या पोकळीशी तिचं सातत्य दिसत नाही. तीन, गर्भाच्या थैलीभोवती स्नायूचा थर असतो, म्हणून हा नळीतला गर्भ नव्हे. यातली दुसरी खूण सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात जास्त सुटणारी. सहा ते आठ आठवड्यांना, मार्ग सरळ दिसत असताना, तोंडापासून थैलीपर्यंत प्रोब सरकवत नेणं हे दोन मिनिटांचं काम. सोळाव्या आठवड्यात तेच फार अवघड होऊन बसतं.

घाटमाथा

टाकादोरांनी लिहिलं त्याला जोडून, गर्भपाताच्या गोळ्यांबद्दल लिहायलाच हवं. मिफेप्रिस्टोन २०० मिग्रॅ आणि नंतर मिसोप्रोस्टॉल ८०० मायक्रोग्रॅम ही नेहमीची मात्रा. गर्भ बंद शिंगात असेल तर मिसोप्रोस्टॉलने शिंग आकसतं, पण बाहेर पडायला दार नाही. भिंतीवर ताण वाढत जातो. म्हणून गोळ्या देण्याआधी 'गर्भ पिशवीत आहे' एवढी ओळ पुरेशी नाही. 'गर्भाची पोकळी पिशवीच्या तोंडाशी जोडलेली आहे' हे दिसायला हवं.

गोळ्या घेऊनही रक्तस्राव जवळपास नाही, आठवड्याने सोनोग्राफीत थैली तशीच, तर दुसरा डोस लिहिण्याआधी थांबा. हीच गोष्ट दुसऱ्या तिमाहीत: मिसोप्रोस्टॉलचे डोसवर डोस जातायत आणि पिशवीचं तोंड उघडतच नाही, कळा आहेत पण पुढे काही नाही, तर औषध वाढवत बसू नका, तपासणी पुन्हा पहिल्यापासून करा. 'फेल्ड इंडक्शन' (औषधाने कळा आणण्याचा प्रयत्न फसला) हा शेरा मारला की विचार थांबतो.

क्युरेटिंगमध्ये उलट गंमत. दोनशिंगी किंवा पडद्याच्या पिशवीत कॅन्युला रिकाम्या बाजूला जाते, थोडं अस्तर निघतं, सगळं साफ झालं असं वाटतं आणि गर्भ पलीकडे तसाच वाढत राहतो. घडण वेगळी आहे हे माहीत असेल तर क्युरेटिंग सोनोग्राफीखालीच करायचं, आणि निघालेला माल पाण्यात तरंगवून थैलीचे धागे दिसतात का ते बघायचं. दिसले नाहीत तर काम झालेलं नाही.

चिंचोका

निदान वेळेत झालं, बाई ठणठणीत आहे, गर्भ आठ आठवड्यांचा शिंगात आहे. तरी काढायचंच? आणि काय काय काढायचं?

टाकादोरा

हो, काढायचं. पूर्ण दिवसांपर्यंत पोहोचलेल्या केसेस नोंदलेल्या आहेत, पण त्या भरवशावर कुणी वाट पाहू नये.

शिंग आणि त्याला जोडलेली नळी दोन्ही काढायची, बीजांडकोश ठेवायचा. नळी मागे ठेवली तर पुढे तिच्यात गर्भ अडकू शकतो. बाई स्थिर असेल आणि दिवस कमी असतील तर दुर्बिणीतून छान होतं. शिंग मुख्य पिशवीला जाड पट्ट्याने चिकटलंय की नुसत्या पातळ पदराने, त्यावर काम सोपं की अवघड ते ठरतं. जाड पट्टा असेल तर मुख्य पिशवीच्या भिंतीत न शिरता कापणं आणि उरलेल्या जागेला नीट टाके घालणं, नाहीतर पुढच्या गरोदरपणात तीच जागा कमजोर. मूत्राशय खाली ढकलून घ्या. मूत्रवाहिनी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय काही जाळू नका: या बायकांत ती नेहमीच्या वाटेने जाईल याची खात्री नाही.

फुटलेलं असेल तर दुर्बिणीचा हट्ट सोडा. शिरेत १६ गेजच्या दोन जाड सुया, क्रॉसमॅच (द्यायच्या रक्ताची जुळवणी), पोट उघडा, शिंगाच्या बुडाशी क्लॅम्प. रक्तगट आरएच निगेटिव्ह असेल तर ७२ तासांत अँटी-डी इंजेक्शन. धावपळीत हे राहून जातं.

गरोदर नसताना खुरटं शिंग सापडलं तर? आत अस्तर असलेली पोकळी आहे का ते पाहायचं. असेल तर दिवस राहण्याआधीच काढलेलं बरं, तिथे पाळीचं रक्तही तुंबतं आणि दुखतं. आत पोकळीच नसलेला भरीव गोळा असेल तर हात लावायची गरज नाही.

अंगाई

किडनीचा उल्लेख कुणीतरी करेल म्हणून वाट बघत होते. गर्भाशय आणि मूत्रसंस्था गर्भात शेजारी-शेजारी घडतात, त्यामुळे एकशिंगी पिशवीच्या बायकांत साधारण दहापैकी चौघींच्या मूत्रसंस्थेत काही ना काही वेगळं असतं. बहुतेकदा शिंग ज्या बाजूचं नाही किंवा खुरटं आहे, त्याच बाजूची किडनी नसते. डायडेल्फिसमध्ये एका बाजूची योनी बंद आणि त्याच बाजूची किडनी नाही, असा जोडप्रकारही असतो. त्या मुली पाळी सुरू झाल्यावर वर्षा-दोन वर्षांत वाढत्या दुखण्याने येतात. पाळी नियमित येत असते, कारण दुसरी बाजू उघडी असते, आणि म्हणूनच 'पाळीत दुखतंच' म्हणून परत पाठवल्या जातात.

पिशवीची घडण वेगळी आहे असं कळलं की त्याच बैठकीत प्रोब वर नेऊन दोन्ही किडन्या बघायच्या. एकच असेल तर नावनोंदणीलाच क्रिएटिनिन, लघवीतलं प्रोटीन, लघवीचं कल्चर आणि दर भेटीला रक्तदाब काटेकोर. किडनी ओटीपोटात असेल तर ते सीझर करणाऱ्याला आधी माहीत असायला हवं.

घाटमाथा

गर्भ योग्य जागी आहे असं ठरलं की पुढचा प्रश्न कमी दिवसांचं बाळंतपण. पोकळी लहान, स्नायू कमी, काही जणींत पिशवीचं तोंडही कमजोर. एकशिंगी, दोनशिंगी, डायडेल्फिस या तिन्हींत हा धोका वाढतो. दिवस राहायला यांना फारशी अडचण येत नाही, टिकायला येते.

तोंडाची लांबी १६ ते २४ आठवड्यांत दर दोन आठवड्यांनी, योनीतूनच. पोटावरून मोजलेली लांबी भरवशाची नाही. मूत्राशय रिकामं, प्रोब दाबायचा नाही (दाबला की तोंड खोटं लांब दिसतं), तीन मोजमापं, त्यातलं सर्वांत कमी लिहायचं. आतल्या तोंडाला फनेल झालाय का (ते नरसाळ्यासारखं उघडलंय का) तेही. डायडेल्फिसमध्ये दोन तोंडं असतात. गरोदर बाजूचं मोजा. हास्यास्पद वाटेल, पण चुकीच्या तोंडाची ३८ मिमी लांबी लिहून निश्चिंत राहता येतं.

२५ मिमीच्या खाली आली तर रोज रात्री योनीमार्गे प्रोजेस्टेरॉन २०० मिग्रॅ. आधीही कमी दिवसांचं बाळंतपण किंवा दुसऱ्या तिमाहीत गर्भपात झालेला असेल आणि आता तोंडही आखूड, तर तोंडाला टाका घालायचा. नुसती घडण वेगळी आहे म्हणून सरसकट टाका घालण्याला आधार नाही. घातलाच तर ३६-३७ आठवड्यांना काढायचा. कळा सुरू झाल्या किंवा पाणी गेलं तर लगेच.

२४ ते ३४ आठवड्यांत कळा सुरू झाल्या तर बाळाच्या फुप्फुसांसाठी डेक्सामेथासोन ६ मिग्रॅ, दर १२ तासांनी, चार डोस. बाईला मोठ्या दवाखान्यात पाठवण्याआधीच पहिला डोस द्यायचा. उपकेंद्रातल्या एएनएमलाही पाठवणीआधीचा डोस देण्याची परवानगी सरकारी सूचनांत आहे. 'मोठ्या दवाखान्यात देतील' म्हणून तो राहिला तर वाटेत गेलेले तास परत मिळत नाहीत. ३२ आठवड्यांच्या आत बाळंतपण होणारच असं दिसलं तर बाळाच्या मेंदूसाठी मॅग्नेशियम सल्फेट ४ ग्रॅम शिरेतून सावकाश, मग तासाला १ ग्रॅम. हे मात्र देखरेखीची सोय असेल तिथेच.

बाळाची वाढ २८ आठवड्यांपासून दर तीन-चार आठवड्यांनी सोनोग्राफीत. टेपवर विसंबू नका: एकशिंगी पिशवी एका बाजूला कललेली असते, माथ्याची उंची फसवते.

उंबरठा

पडदा कापण्याबद्दल लिहा ना कुणीतरी. दर दुसऱ्या आयव्हीएफ केंद्रात पडदा दिसला की तारीख देतात.

टाकादोरा

इथे माझं आणि अनेक सहकाऱ्यांचं जमत नाही. वर्षानुवर्षं समज असा की पडदा म्हणजे रक्त कमी असलेली तंतुमय पट्टी, गर्भ तिथे रुजला की सुकतो, कापला की प्रश्न मिटला. नंतरच्या तपासण्यांत पडद्यात स्नायू आणि रक्तवाहिन्या दोन्ही दिसल्या. आणि कापण्याआधीचे गर्भपात नि कापल्यानंतरची बाळंतपणं अशी तुलना केली तर फायदा दिसणारच. वारंवार अपयश आलेल्या बाईला काहीच न करताही पुढच्या खेपेला यश येण्याची शक्यता बरीच असते.

ट्रस्ट नावाची चाचणी चिठ्ठ्या टाकून झाली, निकाल २०२१ मध्ये आला. कापलेल्या गटात ३९ पैकी १२ जणींना जिवंत बाळ, न कापलेल्या गटात ४० पैकी १४. फायदा दिसला नाही.

रेघोटी

टाकादोरा, पण ७९ बायकांवरून 'फायदा नाहीच' असंही म्हणता येत नाही. स्त्रिया गोळा करायलाच आठ वर्षं लागली, गट लहान, आणि त्यात वंध्यत्वाच्या नि गर्भपाताच्या अशा दोन्ही प्रकारच्या बायका एकत्र. तीन गर्भपात झालेली, २५ मिमी लांब पडदा असलेली बाई आणि पहिल्याच तपासणीत योगायोगाने ११ मिमी पडदा सापडलेली बाई, या दोघींना एकच उत्तर कसं देणार?

टाकादोरा

मान्य. दुसरीला हात लावू नये यावर आपलं एकमत आहेच. पहिलीला आकडे समोर ठेवून तिच्याशी बोलून ठरवायचं, 'कापलं की टिकेल' असं आश्वासन न देता.

कापायचं ठरलं तर: पाळी संपल्यासंपल्या, अस्तर पातळ असताना. थंड (वीज न वापरणारी) कात्री किंवा बायपोलर (विजेचं कापायचं उपकरण). बायपोलरला पिशवी फुगवायला सलाइन चालतं आणि आत राहिलेल्या द्रवाची मर्यादा २५०० मिली, मोनोपोलरला ग्लायसिन लागतं आणि मर्यादा १००० मिली, त्यापुढे सोडियम घसरतं. द्रवाचा हिशेब एका माणसाने फक्त तेवढंच काम म्हणून ठेवायचा. पडदा मधोमध, पुढच्या-मागच्या भिंतींपासून सारख्या अंतरावर कापत वर जायचं. दोन्ही नळ्यांची मुळं एकाच नजरेत आली आणि गुलाबी स्नायूतून रक्त दिसू लागलं की थांबायचं. अर्धा-एक सेंमी राहिला तर राहू दे. सगळं 'सपाट' करण्याच्या नादात माथा पातळ होतो, आणि अशी पिशवी पुढे गरोदरपणात फाटल्याच्या नोंदी आहेत. नंतर दिवस राहायला निदान दोन महिने थांबावं.

आणि आता रेघोटींच्या पहिल्या परिच्छेदाचं महत्त्व: दोनशिंगी पिशवीला पडदा समजून आतून कापत गेलात तर त्या दोन शिंगांच्या मध्ये स्नायू संपतो आणि पलीकडे थेट पोट, आतडी. दोनशिंगी पिशवी पोट उघडून जोडण्याची स्ट्रासमनची शस्त्रक्रिया शंभरावर वर्षांची जुनी आहे. आता क्वचितच करतात, आणि केली असेल तर बाळंतपण सीझरनेच.

अंगाई

बाळंतपणाबद्दल. घडण वेगळी आहे एवढ्यावरून सीझर ठरत नाही. पण पोकळी अरुंद असल्याने बाळ फिरत नाही, पायाळू राहण्याचं प्रमाण बरंच जास्त. बाहेरून हाताने बाळ फिरवण्याचा प्रयत्न इथे सहसा करू नये. जागाच नाही तर फिरणार कुठे. डायडेल्फिसमध्ये रिकामी पिशवीही वाढते आणि कधीकधी ओटीत अडून डोकं खाली येऊ देत नाही.

योनीतला उभा पडदा बहुधा बाजूला सरकतो. डोक्यावर ताणून बसला तर दोन क्लॅम्प लावून मधोमध कापायचा आणि दोन्ही कडा शिवायच्या. आपोआप फाटू दिला तर जखम कुठवर जाईल सांगता येत नाही.

तिसरा टप्पा जपून. वार शिंगाच्या कोपऱ्यात अडकते. दोर ओढत बसू नका, पिशवी उलटेल. हाताने काढायची वेळ आली तर भूल देऊन, सोनोग्राफीखाली. रक्तस्रावासाठी ऑक्सिटोसिन १० युनिट नेहमीप्रमाणे, पण बलून वापरायचा झाला तर लक्षात ठेवा: एक बलून एकच पोकळी भरतो. दुसऱ्या शिंगातून रक्त चालूच राहू शकतं. आणि डायडेल्फिसमध्ये रिकाम्या पिशवीतून अस्तराचा अख्खा तुकडा पडतो. नातेवाईकही घाबरतात आणि नवीन रेसिडेंटही. तो वारेचा तुकडा नसतो.

सीझर असेल तर छेद घेण्याआधी पिशवी कोणत्या बाजूला फिरली आहे ते चाचपून सरळ करा, नाहीतर छेद बाजूच्या रक्तवाहिन्यांत जातो. बाळ आणि वार काढून झाल्यावर पिशवी शिवून बाहेरून माथा पाहा, दोन्ही नळ्या-बीजांडकोश पाहा आणि घडण शब्दांत लिहा. चित्र काढा, चांगलं नसलं तरी चालेल. पुढच्या खेपेला थ्री-डीपेक्षा ते जास्त कामाचं ठरतं.

उंबरठा

आणि तांबी? प्रसूतीनंतर लगेच बसवतात ती.

अंगाई

पडदा, दोनशिंगी, डायडेल्फिस या तिन्हींत तांबी बसवू नये. ती एकाच पोकळीत बसते, दुसरी उघडी. एकशिंगीत पोकळी अरुंद, तांबी निघून पडते किंवा टोचते. नसबंदी करायची असेल तर खुरट्या शिंगाची नळीही बांधायची. ते शिंग आतून जोडलेलं आहे की नाही हे बाहेरून बघून कळत नाही.

घाटमाथा

शेवटी एक आपल्याकडचा खास घोळ. सातव्या महिन्यात ओटीभरण होतं, बाई माहेरी जाते, पहिल्या दवाखान्याची फाइल सासरच्या कपाटात. नव्या ठिकाणी २८ आठवड्यांची सोनोग्राफी होते. त्या वेळी पिशवी इतकी ताणलेली असते की घडण दिसतच नाही आणि रिपोर्ट 'नॉर्मल' येतो. मग पस्तिसाव्या आठवड्यात पायाळू बाळ आणि कळा घेऊन ती अशा ठिकाणी पोहोचते जिथे ना रक्तपेढी, ना नवजात शिशूंचा विभाग.

म्हणून माता-बाल संरक्षण कार्डाच्या पहिल्या पानावरच, औषधाच्या यादीत नाही, मराठीत लिहा: 'पिशवी दोनशिंगी, गर्भ उजव्या शिंगात, डावी किडनी नाही, २० आठवड्यांना तोंडाची लांबी इतकी, रक्तगट अमुक.' पहिल्या तिमाहीतल्या थ्री-डी चित्राची झेरॉक्स आणि फोनमध्ये फोटो. माहेरच्या तालुक्यात ३४ आठवड्यांच्या बाळाची सोय कोणत्या रुग्णालयात आहे ते निघण्याआधी विचारून ठेवा. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर मातांची तज्ज्ञांकडून तपासणी असते, तिथेही नोंद करून घ्या. शक्य असेल तर माहेरी जाण्याऐवजी माहेरच इकडे यावं.

रेघोटी

घाटमाथा, कार्डावरच्या वाक्याला एकच दुरुस्ती. समोरच्या छेदात मशीनच्या स्क्रीनवर डावीकडे दिसतं ते बहुधा बाईचं उजवं असतं, आणि व्हॉल्यूम फिरवताना बाजू उलटीही होते. 'डावं शिंग, बाईच्या डाव्या हाताकडचं' असं पूर्ण लिहा. चुकीच्या बाजूचं शिंग काढायला घेतल्यावर हे आठवून उपयोग नाही.